घासलेला शिक्का
नक्कल आणि बनावट यांत फरक काय, सांगाल? मला तेव्हा सांगता आला नसता. तापल्या लोखंडाचा वास आला की पोलादपूरचा एक म्हातारा लोहार आठवतो. जुन्या कट्यारींच्या नकला तो घडवायचा आणि प्रत्येकीवर आपला शिक्का ठोकायचा. एका व्यापाऱ्याने तो शिक्का घासून त्यातली एक मला शिवकालीन म्हणून विकली. ती त्या लोहाराने घडवलेली नक्कल आहे हे कळताच ती हातात नाचवत मी भर बाजारात लोहारालाच लबाड म्हणालो. "माजा शिक्का बघितलास काय रे?" "शिक्का हायच कुठं?" मी उलट विचारलं. त्याने घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "माजं नाव खरडलंय रे कुणीतरी," एवढंच बोलला. शिक्का व्यापाऱ्याने घासल्याचं कळल्यावर मी माफी मागायला गेलो, तोवर त्याने भट्टी कायमची विझवली होती. आजही त्या बाजारातून मी मान खाली घालून जातो. अशी कट्यार हाती आली, तर आधी शिक्का शोधा. घासलेला दिसला, तर जाब विकणाऱ्याला विचारा.