खिडकीखालचे तीन कट्टे आणि एक जावई

लग्नानंतरचे पहिले सहा महिने जावयाला कोणीच ‘नाही’ म्हणत नाही. ही आपल्या समाजाची एक गंभीर चूक आहे.

मी अमरावतीचा. शाळेत गणित शिकवतो. सासुरवाडी अकोल्याची, जुन्या शहरातली. लग्नाला चौथा महिना चालू असताना मेहुणीचा, म्हणजे स्वातीचा, साखरपुडा ठरला. रविवारी, घरासमोरच्या अंगणातच. मी आणि नीता (माझी बायको, या प्रकारानंतरही आहे!) बुधवारीच मदतीला जाऊन पोचलो.

गुरुवारी सकाळी चहा घेत अंगणात उभा होतो. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, झकास. पण समोरच्या तीन खिडक्यांखालचे सिमेंटचे कट्टे तसेच! कुठे शेवाळ, कुठे जुन्या रंगाचे पोपडे सुटलेले.

“मामाजी, हे कट्टे राहिले की!”

सासरे गडबडले. “हो जी, ते आज होऊनच जाईन...”

“मी आहे ना! एका सकाळचं काम.”

सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी नीताकडे, नीतानं आभाळाकडे.

“करा न मंग,” सासरे म्हणाले. “तुमचंच घर हाय.”

मोबाइलवर मी या विषयाचे दोन व्हिडिओ पाहिले होते. (त्यातला एक अर्धाच, मध्ये फोन आला.) त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता. चॉकलेटी ऑइलपेंट आणि ब्रश घरात होतेच. बादलीभर पाणी कट्ट्यांवर ओतलं, फडकं फिरवलं आणि डबा उघडला.

ओट्यावर एक दाढीवाले म्हातारे गृहस्थ मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते. सासऱ्यांकडे आले असतील म्हणून मी नमस्कार केला. त्यांनी उघडा डबा पाहिला, ओला कट्टा पाहिला आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, येले आधी घासाव लागीन न. शेवाळ हाय.”

“रंगाखाली झाकलं जातं हो चाचा!”

“अन् वल्लं हाय जी ते. सिमेंट पाणी पिऊन राहते. दोन दिवस वाळू द्या.”

“अकोल्याच्या मे महिन्यात दोन दिवस? दोन मिनिटं बस झाली!”

चाचांना कळत नाही हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी शिक्षकाच्या आपुलकीनं त्यांना ब्रश कसा धरायचा, हात कुठून कुठे न्यायचा, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोन वेळा चहाही घेतला.

दुपारी जेवताना नीता कुजबुजली, “अहो, ते सलीमचाचा. पेंटर आहेत. चाळीस वर्षांपासून हेच काम करून राहिले. हे घर त्यांनीच रंगवलं, आणि आज कट्टे करायला आले होते.”

“मग आधी नाही का सांगायचं?”

“तुम्ही जावई आहात न!”

“असू दे,” मी म्हणालो. “त्यांनाही नवीन काही शिकायला मिळालं.”

शुक्रवारी ऊन तापलं आणि रंगाला फोड आले. टम्म फुगलेले!

“बाई माय!” सासूबाई म्हणाल्या. “मले वाटलं, खिडकीत कोनी पुऱ्या ठेवल्या.”

सलीमचाचा मुद्दाम बघायला आले. “अजूनही खरडून काढू. मी करतो न जी.”

पण माघार घेईल तो गणिताचा मास्तर कसला? टाचणीनं एकेक फोड फोडला आणि शनिवारी संध्याकाळी वरून असा जाड हात मारला की कट्टे आरशासारखे चमकायला लागले. रविवारी सकाळी बोट लावून पाहिलं. कोरडं! (वरून. आत काय चाललंय, हे बोटाला कसं कळणार?)

पाहुणे वरूडचे. मुलाचे वडील पुंडलिकराव संत्र्याचे बागाईतदार, देहानं भरभक्कम, अंगात पांढराशुभ्र झब्बा-पायजमा. कोणीतरी खुर्ची आणायला धावलं. तेवढ्यात त्यांना मधल्या खिडकीचा कट्टा दिसला. सावलीतला, बसायच्या अगदी बरोबर उंचीचा.

“राहू द्या खुर्ची,” ते म्हणाले. आणि बसले!

मी पाहुण्यांत बसलेल्या चाचांकडे पाहिलं. चाचांनी डोळे मिटले.

पुंडलिकराव अर्धा तास बसले. मग गुरुजींनी त्यांना पाटाजवळ बोलावलं. ते उठले. चर्रर्र असा आवाज झाला आणि कट्ट्यावरचा सगळा रंग एका अखंड पट्टीसारखा त्यांच्या मागे निघाला! पुढे पुंडलिकराव, मागे तीन फूट चॉकलेटी शेपूट, आणि कट्ट्यावर हिरवंगार शेवाळ.

सनईची टेप बंद पडली. मुलाची आत्या म्हणाली, “हे काय वं बाई!” स्वातीचा चेहरा रडवेला झाला.

हलले ते फक्त सलीमचाचा. पुंडलिकरावांना आत नेलं, रॉकेल आणि फडक्यानं जमेल तेवढं पुसलं. झब्बा हाती लागला, पायजमा गेला. पुंडलिकराव सासऱ्यांच्या पायजम्यात बाहेर आले. तो त्यांना घोट्याच्या बराच वर येत होता.

“कोनाचं काम हाय हे?” त्यांनी विचारलं.

चाचा बोलायला लागले, तर सासरे पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “माहं. माहीच चूक झाली जी.”

आजवर वर्गात मी पुष्कळ बोललोय, पण त्या दिवशीचं एक वाक्य फार जड गेलं. “नाही. मी केलं. चाचांनी तीनदा सांगितलं होतं.”

पुंडलिकरावांनी माझे हात हातात घेऊन उलटेपालटे करून पाहिले. दोन्ही कोपरापर्यंत चॉकलेटी.

“काय करता तुमी?”

“गणित शिकवतो.”

“मंग काहून रंगाच्या भानगडीत पडता जी?” असं म्हणून ते जे हसत सुटले, ते आखूड पायजम्याची नाडी सैल होईपर्यंत! मग आत्याही हसली. स्वातीनं डोळे पुसले. साखरपुडा पार पडला आणि सोमवारपासून चाचांनी कट्टे खरडायला घेतले. यावेळी ओट्यावर पिशवी धरून मी बसलो होतो.

गेल्या वर्षी पुंडलिकरावांनी वरूडला नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाले, “मास्तर, आहेर-बिहेर काई आनू नका. तुमी अगदी रिकाम्या हातानं या.”

मी ‘हो’ म्हणालो, तरी ते पुढे बोललेच.

“अन् आल्यावर हात खिशातच ठेवा!”