शेवटचं पाणी

आमची आत्या म्हणजे संशयाचं गाठोडं. दूधवाल्याला आधी स्वतः घोटभर प्यायला लावायची, मग भांडं पुढे करायची. धोब्याला कपडे देताना दोनदा मोजायची, घेताना तीनदा. पण साबण करावा तो तिनेच!

परक्या सरकारने घरी साबण करायला बंदी घातली. सरकारी छापाची, अत्तरासारख्या वासाची वडीच घ्यायची, नाहीतर चार महिने तुरुंग. आत्या भडकली. "मळ माझा, राख माझी, तेल माझं! यांच्या बापाचं काय जातं?" त्या दिवसापासून अख्ख्या गल्लीचा साबण आमच्या मागच्या खोलीत शिजू लागला.

गल्लीचे सगळे कपडे धुवायचे धोबीमामा आणि ओलेच परत आणून द्यायचे. बोचक्यासोबत साबण ज्याचा त्याने द्यायचा, अशी पद्धत. म्हणजे कुणाकडे कुठला साबण, हे मामांना नेमकं ठाऊक. त्यात साहेब लोकांचे गणवेशही त्यांच्याकडेच. आणि वर प्रत्येक कपडा नाकाला लावून हुंगायची खोड!

"इथेच पाणी मुरतंय," आत्या म्हणाली. "हा इथे हुंगतो आणि तिकडे सांगतो."

"अगं, वीस वर्षं धुतायत ते आपले कपडे."

"मग? घरचा भेदी घरचाच असतो."

तिने कपडे देणं बंद केलं, घरीच धुऊ लागली. चौथ्या दिवशी मामा दारात हजर. "आत्याबाई, घरी नका हो धुऊ. माझ्याकडेच टाका. ऐका तर, शेवटचं पाणी..."

आत्याने धाडकन दार लावलं. "बघितलंस? एवढा पुळका कशाला आलाय मेल्याला?" खोटं कशाला सांगू, मलाही शंका आलीच.

आठवड्यात फौजदार आला. गल्लीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचा वास घेत सुटला. या दोरीवर सरकारी वास, त्या दोरीवर सरकारी वास. त्याचं तोंड एवढंसं झालं. शेवटची दोरी आमची. तिथे आला राखेचा उग्र वास! मागच्या खोलीत कढई सापडली. आत्याला नेताना ती मला ओरडून म्हणाली, "त्यानेच सांगितलं!"

मी तणतणत घाटावर गेले. मामा गल्लीचे कपडे आमच्याच साबणाने धूत होते, आणि शेवटी गणवेशांच्या उरलेल्या फेसाळ पाण्यात बुडवून काढत होते. मग हुंगायचे. सरकारी वास नीट लागला का, ते बघायला.

"मामा, आधी सांगायला तोंड नव्हतं का?"

"दारात आलो होतो की. बोलू दिलंत?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार महिने गल्लीचा साबण मी शिजवला. आत्या सुटली ती निम्मी होऊन. मी तिला सगळं सांगितलं. तशी ती उठली, घरातले मळके कपडे एका चादरीत कोंबले, वर माझ्या साबणाची वडी ठेवली आणि तडक घाटावर गेली.

"चुकले रे," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मामांनी सवयीने वरचा कपडा हुंगला. "मोजून घ्या आत्याबाई, किती आहेत ते."

"तूच मोज," आत्या म्हणाली आणि घरी निघाली.