‘धडकी’च्या प्रमिलाबाई

गायला उभं राहण्याआधी प्रमिलाबाई चपला काढत आणि पुरुषभर उंच स्पीकरवर तळहात ठेवून डोळे मिटून उभ्या राहत. बघणाऱ्याला वाटे, बाई नमस्कार करताहेत. नमस्कार कसला! आतला ठोका हाताला लागतो का, ते त्या बघत. नाही लागला तर साउंडवाल्याला सरळ सांगत, "छातीमा वाजनं पाहिजे, भाऊ. कानमा ते मच्छर बी वाजस." मग तो कितीही नावाजलेला असो, बिचारा पुन्हा वायरी जोडायला बसे.

सुरतेत ‘धडकी’ म्हटलं की तरुण पोरं आजही नाचायला उठतात, त्या ग्रुपच्या या गायिका. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर पदर. माहेर अमळनेरकडचं. नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून दीर नानाभाऊंच्या घरात राहत आणि साड्यांना टिकल्या चिकटवत. मी त्यांच्या खालच्या मजल्यावरचा, साताऱ्याचा, बँकेतला कारकून. अहिराणी मला अर्धी कळायची. ग्रुपचा मॅनेजर मी झालो, तो केवळ कार्यक्रम ठरवायला माझ्याइतकं गोड बोलणारं दुसरं कुणी नव्हतं म्हणून.

ग्रुप तिघांचा. बिपिन आमच्या गल्लीतला सुरती. कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइनं करायचा आणि त्याच कॉम्प्युटरवर हाऊस म्युझिक बनवायचा. हाऊस म्हणजे काय, हे त्यानं मला अनेकदा समजावलं. कळलं ते इतकंच, की ठोका एकसारखा पडत राहतो आणि माणसाचे पाय आपोआप हलायला लागतात. ऑक्टोपॅड वाजवणारा सनातन ओडिशाचा, कडोदऱ्याला मागावर कामाला. बाई गच्चीवर टिकल्या लावताना कानबाईची, म्हणजे खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणत. बिपिननं ती ऐकली, त्यांना ठोका जोडला, आणि ‘धडकी’ उभी राहिली. पेपरवाल्यांनी पुढे लिहिलं की यांचा ताल यंत्रमागातून जन्मला. सनातन हसून म्हणाला, "साहब, लूम से तो मेरा कान पक गया. उससे भागने के लिए बजाता हूँ."

पहिले कार्यक्रम लग्नाच्या हळदीचे. बायका नाचत, म्हातारे नाकं मुरडत आणि थोड्या वेळानं तेही नाचत. मग पलसाण्याच्या मिलवाल्यांचे समारंभ, मग कामरेजचे पार्टी प्लॉट, म्हणजे समारंभांना भाड्यानं मिळणारी मैदानं.

श्रावणात नानाभाऊंकडे कानबाई बसे. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचा, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे. परक्याला घासही द्यायचा नाही. मी इतकी वर्षं शेजारी राहिलो, मलाही कधी मिळाला नाही. त्या साली बाईंनी सगळ्यांच्या मुठी काढून झाल्यावर आणखी दोन काढल्या. मी दारातच होतो. नानाभाऊंनी विचारलं, "वहिनी, हाई मूठ कोनी?"

"बिपिननी. आनि हाई सनातननी."

"त्या आपला भाऊबंद नहीत."

"माले उभं त्यासनी करं," बाई म्हणाल्या. "भाऊबंद आनखी कसा ऱ्हातस?"

थोरल्या भावजयीचा शब्द नानांना मोडता येईना. दोघांनी रोट खाल्ले. पण देवीचा प्रसाद बाटवला म्हणून नाना वहिनींशी बोलायचे बंद झाले. एका घरात राहून अबोला! बाईंना ते फार लागलं. टिकल्या लावताना गाणंही कमी झालं. तरी पुढच्या श्रावणात त्यांनी त्या दोन मुठी काढल्याच.

त्याच सुमारास त्यांचं एक गाणं मोबाइलवर गावोगाव गेलं आणि मुंबईच्या एका कंपनीचा माणूस माझ्याकडे आला. त्याला बाईंचा आवाज हवा होता. बाकीचे दोघे नको होते. बिपिन स्वतःच म्हणाला, "मासी, तमे जाव. अमारी फिकर नी करो." बाईंनी कंपनीवाल्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "त्यासनी मन्हा घरना रोट खादात. आते मी वायली कशी निघू?" त्याला काय कळणार? मी हिंदीत सांगितलं, की बाई वेगळं घर मांडणार नाहीत. ते सांगताना माझी छाती इतकी फुगली होती, की जणू मीच गायक आहे.

पुढे ‘धडकी’ पुण्याला वाजली, मुंबईला वाजली, दुबईलाही जाऊन आली. गेली ती तिघांचीच.

मागच्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. दहाव्याला आम्ही तापीकाठी जमलो. भाऊबंद एकेक करून न्हाव्यापुढे बसत होते. बिपिन आणि सनातन माझ्याजवळ, लांब उभे होते. आपण पुढे जावं की नाही, हेच त्यांना कळेना. नानाभाऊ मुंडण करून उठले, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि ओरडले, "लांब काय उभा शेतस? बसा ना रे!"

बिपिनचे खांद्यापर्यंत रुळणारे, लाल रंगवलेले केस. त्यांच्यापायी तो बापाशी भांडला होता. मुकाट्यानं जाऊन बसला. त्याच्यामागून सनातन बसला.

कामरेजचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तेरावं झाल्यावर तो केला. बाईंचा आवाज रेकॉर्ड केलेला, बाकी दोघे स्टेजवर. नानाभाऊ असल्या ठिकाणी पहिल्यांदाच आले, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. दिवे लागले, दोन गुळगुळीत डोकी चमकली आणि पोरांनी शिट्ट्यांनी मैदान दणाणून सोडलं. शेजारच्या एका मुलीनं नानांना हसत विचारलं, "काका, आ टकलानी नवी फॅशन छे?"

नानांनी टोपी काढली आणि तिला आपलं डोकं दाखवलं.

"फॅशन नथी, बेन," ते म्हणाले, "अमारा घरमां मरण थयुं छे."