भुऱ्यासाठीचं दळण

माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीच्या वर्गातच राहून गेलं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मागच्या महिन्यात सासरच्या गावाहून, पिंगळीहून, निरोप आला की गिरजाक्का गेल्या. मी भाकरी थापत होते. पीठ हातावरच वाळलं…

गिरजाक्का माझ्या मालकांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झाल्या आणि माहेरीच राहिल्या. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी इतकी बुजरी, की ताटात मीठ नसलं तरी मागायची नाही. माझ्याइतकंच घाबरट त्या घरात आणखी एक जण होतं, भुऱ्या कुत्रा. शेतात कोल्ह्यावर धावून जायचा, पण ढग गरजला की थेट चुलीमागं. आणि चुलीशेजारीच मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, लिंगपूजा. मामंजींनी त्यांच्या परीनं इलाज केला होता. सवय व्हावी म्हणून जत्रेत भुऱ्याला हलगीवाल्यांच्या पायाशी बांधलं. तेव्हापासून वाटी पडली तरी तो कापायचा. एकदा गारा पडल्या, तेव्हा त्यानं पूजेचं ताटच लवंडलं. मामंजी शांतपणे म्हणाले, "आता एकदा चुलीपाशी दिसू द्या. पूर्णा नदीपल्याड सोडून येतो."

अक्का दुसऱ्या दिवसापासून पडवीत दळायला बसल्या की भुऱ्याला शेजारी बोलवायच्या, मधूनमधून तेल लावलेला भाकरीचा तुकडा द्यायच्या. जात्याची घरघर खरं तर ढगासारखीच, पण तिच्यात तो डोळे मिटून पडायचा. मग मला म्हणाल्या, "जा, गोठ्यापाशी परात वाजव. हळू." मी इतकी हळू वाजवली, की त्यांनी जातं थांबवून विचारलं, "वाजवायलीस का पुसायलीस?"

आवाज झाला आणि भुऱ्या जागेवर राहिला, की तुकडा. उठला, की मला लांब जायची खूण. "भ्यालं की मागं सरायचं, रेटायचं न्हाई. हलगीपाशी रेटून काय झालं, बघितलं की." रोज मी थोडी जवळ येत गेले. चैत्र सरेपर्यंत उंबऱ्यापाशी उभी राहून परात बडवत होते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या शेजारणीला सांगायच्या, "मुकी न्हाई बरं सून आमची. परातीनं बोलती."

वैशाखात एकदा भरदुपारी अंधारून आलं. पहिला कडकडाट झाला आणि भुऱ्या अंगणातून चुलीकडं सुटला. अक्कांनी धावत जाऊन जात्याचा खुंटा धरला. पण दळण सकाळीच संपलेलं, आणि रिकामं जातं फिरवलं की घर रिकामं होतं, असं आमच्याकडं मानतात. अक्कांनी फिरवलं. दगडावर दगड घासला.

"गिरजे, रिकामं जातं? घराचं वाटोळं करतीस का?" आत्याबाई ओरडल्या.

"शिव्या मग द्या, आई."

भुऱ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबला होता, एक पाय आत. आत्याबाई त्याला ओलांडून आत गेल्या. मला वाटलं, आता लाकूड घेऊन येतात. त्या ओंजळभर ज्वारी घेऊन आल्या आणि जात्याच्या तोंडात टाकली. "दळ आता. नुसतं नको."

घरघर भरून आली. भुऱ्यानं आतला पाय मागं घेतला. पोटावर सरपटत आला आणि अक्कांच्या गुडघ्याला हनुवटी टेकवली. वर गडगडतच होतं. तो थरथरत होता, पण हलला नाही. मामंजी चिंब भिजून आले. आधी चुलीकडं बघितलं, मग पडवीत. "अवेळी कुणाचं दळण काढलंय?"

"कुत्र्याचं," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी धोतर पिळायला गेले. पूर्णेपल्याडचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं एक साल असं आलं, की लांबून बंदुकीचे बार ऐकू यायचे. अक्का जात्यावर बसायच्या. एका बाजूला भुऱ्या, दुसऱ्या बाजूला मी. मला कुणी बोलावलेलं नसायचं…

आता आमच्याकडं पीठ गिरणीवरून येतं. तरी परवा आभाळ गडगडायला लागलं, तेव्हा मी कोपऱ्यातल्या जात्यात मूठभर ज्वारी घातली. दळता दळता डावा हात आपोआप खाली गेला आणि तिथं जरा वेळ तसाच राहिला.