पुठ्ठ्यामागचा खेळ

"पाच रविवार," प्रेबेन म्हणाला. "पाच रविवार तू मला भलताच खेळ खेळवलास."

"खेळलास ना? मग झालं तर," व्हिबेके म्हणाली आणि केक कापत राहिली.

व्हिबेके डेन्मार्कमधल्या होर्सन्स गावात बस चालवते, आणि गेली सव्वीस वर्षं दर रविवारी जेवणानंतर आमचा खेळ चालवते. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि तलवार लागली की हुकली ते फाशांनी ठरवायचं. तिचा नवरा प्रेबेन सरदार, नणंद युटे जादूगारीण, आणि शेजारीण म्हणून मी चोर. खेळ अर्थात तो ड्रॅगनवाला, जगभर चालतो तोच. त्याच्या नियमांची तीन जाडजूड पुस्तकं. सांगणारीच्या समोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो आणि त्यामागे कुणी डोकावत नाही. एवढी सभ्यता आम्ही पाळतो.

आज प्रेबेन कॉफी ओतायला त्या बाजूनं गेला, आणि पुस्तकांच्या जागी त्याला दोऱ्यानं शिवलेली बारा पानं दिसली.

"वाचनालयातल्या बाईनं केलेला खेळ आहे," व्हिबेके म्हणाली. "त्यात फासे नाहीतच."

"पण फासा तर मी आपला नेहमीचाच टाकत होतो."

"टाकत होतास. तू आकडा सांगायचास, मी 'लागला' म्हणायचे."

"तिसऱ्या रविवारी तूच म्हणालास, जुन्या खेळाची सर कशाला नाही म्हणून," मी म्हटलं. त्या दिवशी सरदारानं भावाला माफ केलं होतं आणि प्रेबेन खिशात रुमाल चाचपत होता. त्यानं आता माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होता, शेजाऱ्यांनी शेजारीच राहावं. मग तो बहिणीकडे वळला.

"युटे, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. पुस्तकाप्रमाणे मला दिवसातून तीनदा आग लावता येते. मी नऊदा लावली, कुणी हटकलं नाही. आपणहून तोंड उघडायला मी काय वेडी आहे?"

प्रेबेननं बशी बाजूला सारली. "ते काही नाही. पुस्तकातला खेळ, नाहीतर मी बसणार नाही."

पुस्तकातला खेळ म्हणजे व्हिबेकेचा अख्खा शनिवार. कुठल्या राक्षसात किती जोर, कुणाचं चिलखत किती जाड, याचे तक्ते करत ती वरच्या खोलीत बसायची, आणि रविवारी आम्ही त्यातले सहा राक्षस मारायला दोन तास घ्यायचो. बारा पानांना दहा मिनिटं पुरतात. गेले पाच शनिवार ती बसवाल्या मैत्रिणींबरोबर फ्योर्डच्या, म्हणजे गावापर्यंत आत आलेल्या समुद्राच्या, गार पाण्यात पोहत होती. प्रेबेनला वाटत होतं, बायको वर राक्षस मोजतेय. केस ओले कसे, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"आणि त्यात एवढं अवघड काय असतं?" तो म्हणाला. "सगळं छापलेलंच आहे. उघडायचं आणि वाचायचं."

युटे खाता खाता थांबली.

व्हिबेकेनं सुरी पुसून ठेवली.

"बरं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारपासून पुस्तकातलाच खेळ. चालवणार प्रेबेन. मी खेळायला बसेन. आणि शनिवारी मी पोहायला जाते, संध्याकाळपर्यंत घरी नसते."