झिंग्यांच्या टाकीपाशी अप्पा

अप्पांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी समुद्रकाठी संशोधन करत होते. झिंगे आणि समुद्री शेवाळ एकाच पाण्यात वाढवलं, तर त्या पाण्यातल्या जिवाणूंची वस्ती कशी बदलते, हा माझा विषय. निरोप आला तशी मी हुमनाबादला घरी आले. माय एकटी अप्पांना उठवते-बसवते हे पाहिल्यावर परत जायला पाय निघेना. शेवटी मार्गदर्शक बाईंनी तोड काढली. प्रयोग लहान प्रमाणात घरीच कर म्हणाल्या.

सामान आणायला एकदाच समुद्रकाठी जाऊन, थर्माकोलच्या खोक्यात झिंगे आणि शेवाळ घेऊन मी हुमनाबादला बसमधून उतरले. खिडकीखाली दोन काचेच्या टाक्या मांडल्या. मीठ-क्षार कालवून समुद्रासारखं पाणी केलं. एका टाकीत नुसते झिंगे, दुसरीत झिंग्यांबरोबर शेवाळ. खोलीत दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून त्या अप्पांच्या बाजेला लागूनच आल्या.

अप्पांनी जन्मभर हुमनाबादच्या डाळमिलीत पोती उचलली होती. आता उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, पण मी हात धरला की ते तोंड फिरवायचे. जीभ जड झाली होती. दिवसातून चार-दोन शब्द, तेही मायशी.

माय मात्र टाक्यांवर नाराज होती. शेवाळावरचा बुळबुळीत थर मी कापसाच्या काडीने पुसून घेई, ती काडी लहान नळीत घालून फ्रीजमध्ये ठेवी.

"माझ्या दह्याशेजारी त्ये जंतू कामून ठेवायलीस गं?"

"माय, दह्यातबी जंतूच हायत की."

"हायत, पण त्ये माझ्या घरचे हायत!"

बाजेवरून घोगरा आवाज आला. अप्पा हसत होते. घरी आल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांना हसताना ऐकत होते.

त्यानंतर त्यांचं डोकं टाक्यांकडे वळलेलं दिसू लागलं. मग मीही त्यांच्याशी बोलत काम करू लागले. झिंग्यांची घाण आणि उरलेलं खाद्य पाण्यात विष तयार करतं, काही जिवाणू त्या विषाचं रूप पालटतात, काही मात्र झिंग्यांनाच आजारी पाडतात. शेवाळ असलं की यातल्या कुणाचं फावतं, तेच मला पाहायचं होतं. अप्पा ऐकत, मध्येच डोळे मिटून घेत. कळतंय की कंटाळलेत, मला ठरवता येत नसे.

एका दुपारी मी बर्फ आणायला बाजारात गेले होते. परतले तर गल्लीतली वीज गेलेली. पाण्यात हवा सोडणारा पंप बंद! मी धावत घरात शिरले आणि दारातच थांबले.

अप्पा बाजेच्या कडेला बसले होते. माय त्यांच्या पाठीला पाठ लावून टेकू देत होती. शेवाळाच्या टाकीत उन्हामुळे प्राणवायू सुटत होता, तिथले झिंगे ठीक होते. नुसत्या झिंग्यांच्या टाकीत मात्र सगळे वर येऊन तडफडत होते. त्या टाकीतलं पाणी अप्पा तांब्याने उचलत आणि उंचावरून पुन्हा तिच्यातच सोडत. तांब्या डाव्या हातात होता, पण त्याच्या बुडाला उजव्या हाताचा आधार होता. अर्धं पाणी लुंगीवर सांडत होतं.

"अप्पा, राहू द्या, मी करते."

"मरायलेत गं," ते कसेबसे म्हणाले, आणि तांब्या सोडला नाही.

मी दुसरा तांब्या घेतला. वीज येईस्तोवर आम्ही दोघं पाणी वर-खाली करत राहिलो. माय पाठ देऊन बसली होती. काही झिंगे गेले, बरेच वाचले.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. अप्पांचे हात पाण्यात बुडाल्यामुळे त्या टाकीचे नमुने आता धरता येणार नव्हते. मी हळू बोलत होते, तरी अप्पांनी ऐकलं.

"माझ्या हाताचं जंतू गेलं व्हय त्यात?"

"व्हय, अप्पा."

त्यांनी डाव्या हाताने उजवा तळहात उलटून पाहिला. "मग... त्येबी मोज की," म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही. मी त्यांचा तो हात हातात घेतला. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या टाकीत पाणी ओतायचं काम त्यांचं झालं. वीज असली तरी ते ओतायचे. पावसाळा सरेपर्यंत उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता येऊ लागला. त्यापुढे मात्र हात सुधारला नाही.

मी समुद्रकाठी परतले, प्रयोग पुन्हा मांडला, तो नीट झाला. शेवाळाच्या पाण्यात रोग आणणारे जिवाणू कमी निघाले. फोनवर हे सांगितलं तेव्हा अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "तू जेवलीस का?"