साहेबांची सही

ऐंशीच्या दशकात, ऑफिसातल्या साहेबाची फजिती करणारा एक सिनेमा आला. टायपिस्टबाई तो तीनदा बघून आल्या. तिन्ही वेळा थिएटरात बायका पोट धरून हसत होत्या. पेपरातल्या समीक्षकाने मात्र नाक मुरडलं: ‘न वाचता सह्या ठोकणारा साहेब असतो कुठे?’ बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांच्या साहेबांना मात्र हे भलतंच पटलं. समीक्षकाची पाठ थोपटणारं पत्र त्यांनी बाईंना तोंडी सांगितलं. बाईंनी टाइप केलं: ‘असतो. मी स्वतःच तसा आहे.’ साहेबांनी नेहमीसारखी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

रविवारी पत्र छापून आलं. सोमवारी साहेब कडाडले, "हे कुणी टाइप केलं?"

"मीच," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत माझं टायपिंग तुम्ही आज पहिल्यांदा वाचलंत."